झाडामागची सहा घरं

आभाळे हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव फक्त टपालखात्याला आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं, आणि बहीण ते रागावल्यावरच वापरायची. बाकी सगळ्या गल्लीने त्यांना आभाळे करून टाकलं होतं, ते त्यांच्या कामाच्या पद्धतीमुळे.

हा गृहस्थ शहराची चित्रं रंगवायचा. ती छापखान्यात जायची, लहान होऊन पोस्टकार्डावर छापली जायची, आणि येणारेजाणारे लोक ती विकत घेऊन आपण मजेत आहोत असं घरी कळवायचे. एकेक चित्र सावकाशीने काढत बसणं आभाळ्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी कामाचे वार ठरवून टाकले होते. सोमवारी आभाळं. बारा जाड कागद खोलीभर पसरायचे, वाडग्यात निळा रंग कालवायचा आणि रुंद ब्रशाने बाराच्या बारा कागदांवर एका दमात आभाळ ओढायचं. मंगळवारी लांबचे डोंगर आणि धुरकट घरं. बुधवारी जवळच्या इमारती, गुरुवारी झाडं, शुक्रवारी माणसं. एका चित्रात तीन माणसं, जास्त नाहीत. जागा उरलीच तर एक कुत्रा. शहरावरचं खरं आभाळ वर्षातले सहा महिने चुलीतल्या राखेसारखं असायचं, पण पोस्टकार्डावर एकेचाळीस वर्षं ते सोमवारचंच राहिलं. सोमवारी कुणी दार वाजवलं तर बहीण आतून सांगायची, "आज नको, आभाळ वाळतंय."

त्यांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, शुक्रवारी माणसं काढतो, तेवढी पुरतात.

ही बहीण, म्हणजे ताई, त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले आणि हिनेच धाकट्या भावाला वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा बोटीवर नोकरीला गेला आणि बोट त्याला इतकी आवडली की तो परत आलाच नाही. एक मुलगी होती, ती दुसऱ्या गावी दिली. ताई स्टेशनजवळच्या लॉजांच्या चादरी धुवायच्या. दिवसाला चाळीस चादरी. पुलाच्या कठड्यापासून गल्लीतल्या सहाव्या घरापर्यंत तारा बांधलेल्या होत्या, आणि दुपारी बाराला त्यांवर इतक्या चादरी फडफडायच्या, की सगळी गल्ली आता जहाजासारखी नांगर उचलून निघणार असं वाटायचं. ताईंचे दंड एखाद्या पैलवानाने चोरून बघावेत असे होते. आभाळ्यांनी लहानपणी पहिलं आभाळ रंगवलं ते ताईंच्या धुण्याच्या निळीने, जमिनीवर. त्याबद्दल पाठीत एक धपाटा मिळाला आणि दुसऱ्या दिवशी रंगाची पेटी.

छापखान्याचे मालक हे जाडजूड गृहस्थ. गळ्यात भिंग घालून फिरायचे आणि त्यातून चित्राकडे अशा नजरेने पाहायचे, की चित्रातला कुत्रासुद्धा सरळ बसावा. त्यांचं एक म्हणणं होतं. ते म्हणायचे, घाण पाठवायला कुणी तिकीट लावत नाही. म्हणून चित्रात विजेचे खांब नकोत, गटारं नकोत, फुटके कठडे नकोत. जे पुसून टाकता येईल ते पुसायचं. जे पुसल्यावर जागा ओकीबोकी दिसेल, तिथे झाड घालायचं. 'झाड घालणे' हा छापखान्यातला शब्दच होऊन बसला होता. मालकांच्या तोतऱ्या मेहुण्याला बोलू द्यायचं नसलं की मालक म्हणायचे, ह्यांच्यावर जरा झाड घाला.

अशी घातलेली सगळी झाडं खरीच उगवली असती, तर शहरात वाघ राहायला आले असते. एकदा एक पाहुणा हातात कार्ड घेऊन भर उन्हात स्टेशनसमोर सावली शोधत फिरला. शेवटी कुणीतरी त्याला आभाळ्यांच्या दारात आणून सोडलं. आभाळ्यांनी त्याला पाणी दिलं आणि झाड गेल्याच वर्षी पडलं म्हणून सांगितलं.

त्यांचं सगळ्यात खपलेलं कार्ड म्हणजे 'पूल आणि नदीकाठ'. त्यात डावीकडे, पुलाच्या पायथ्याशी, ही गल्ली यायला हवी होती. सहा घरं, एकाला एक टेकून उभी. त्यांतलं तिसरं ताईंचं आणि आभाळ्यांचं. कार्ड छापून आलं तेव्हा ताईंनी हात पुसून ते उजेडात धरलं.

"आपण कुठे आहोत रे?"

"झाडामागे," आभाळे म्हणाले.

खरंच, तिथे एक प्रचंड डेरेदार झाड होतं. मग आभाळ्यांनी सांगितलं, की त्यांनी सहाही घरं काढली होती, तारा काढल्या होत्या, चादरीसुद्धा मोजून काढल्या होत्या. पण मालकांनी भिंग लावलं आणि म्हणाले, ही लक्तरं कशाला, झाड घाला. चाकरमान्या माणसाने काय करायचं? डोळे मिटून झाड घातलं. ताईंनी मालकांना दोन शेलक्या शिव्या दिल्या आणि कार्ड स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं. गल्लीला तर विषयच मिळाला. चौथ्या घरातला शिंपी गिऱ्हाइकांना पत्ता सांगायचा, झाडामागचं चौथं घर, पण फांद्या बाजूला करून या.

हा विनोद गल्लीला तीस-पस्तीस वर्षं पुरला. तेवढ्या काळात नदीला मोठा पूर येऊन गेला, पुरानंतर सरकारने पूरभिंत बांधली, लॉजवाल्यांनी धुलाईची यंत्रं घेतली, ताईंच्या तारा रिकाम्या झाल्या. मग लोक खिशातल्या फोनवर फोटो काढायला लागले आणि पोस्टकार्डं कुणी घेईना. मालक वारले. मुलाने छापखान्यात लग्नपत्रिका आणि औषधांच्या खोक्यांची वेष्टणं सुरू केली. आभाळे एकाहत्तरचे झाले, ताई एकोणऐंशीच्या. सोमवारी आता आभाळ वाळत नव्हतं, पण ताई सवयीने त्या दिवशी खोलीत केर काढायच्या नाहीत.

आणि मग गल्लीच्या सहा दारांवर सहा कागद चिकटले.

नदीकाठचा रस्ता रुंद व्हायचा होता. पूरभिंत बांधण्याआधीपासून जी घरं उभी होती, त्यांना त्याच भागात बदली घर मिळणार होतं. जी भिंतीनंतर उभी राहिली ती बेकायदा. त्यांनी महिन्याभरात सामान उचलायचं. कुठे जायचं ते कागदात लिहिलेलं नव्हतं, कागद एवढा मोठा नव्हता.

गल्ली पहिल्यांदा हसलीच. शिंप्याचा आजा त्या घरात मेला होता. पण हसून झाल्यावर पुरावा शोधायची वेळ आली, आणि पुरावा सापडेना. घरांची जुनी दप्तरं सरकारी कचेरीच्या तळघरात होती आणि तळघर पुरात बुडालं होतं. वीज भिंतीनंतर आली, म्हणून बिलंही भिंतीनंतरची. शेजाऱ्यासाठी शेजाऱ्याची साक्ष चालत नव्हती. फोटो मात्र घरोघरी होते. शिंप्याने लग्नाचा मोठा फोटो काढून आणला. त्यात तो आणि बायको एका धबधब्यासमोर उभे होते, मागे दोन हरणं. सगळ्यांचे फोटो त्याच स्टुडिओत, त्याच धबधब्यासमोर काढलेले. आपल्या दारात उभं राहून फोटो काढावा असं त्या गल्लीत कधी कुणाला वाटलंच नव्हतं.

ताईंच्या मुलीचं पत्र आलं होतं, त्यात तिने लिहिलं होतं, की आई, तू ये, पण आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं आहेत, मामाला कुठे झोपवू? एकसष्ट वर्षं ही दोन भावंडं या छपराखाली राहिली होती. बदली घर मिळालं तर एकत्र राहणार होती, नाहीतर नाही. प्रश्न एवढाच होता.

पाहणी अधिकाऱ्यांकडे सुनावणी होती. तिथे गल्लीतर्फे आभाळे गेले, कारण त्यांच्याकडे इस्त्रीचा शर्ट होता. अधिकारी चाळिशीचा, शांत, अगदी सभ्य माणूस. आभाळ्यांनी आपलं पूर्वीचं काम सांगितलं तसा तो खुर्चीतून उठलाच.

"म्हणजे तुम्ही ते पोस्टकार्डवाले?"

त्याने कपाटातून एक अल्बम काढला. त्यात आभाळ्यांचं एकूण एक कार्ड, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. लहानपणी वडिलांची बदली या शहरात होणार होती तेव्हा वडिलांनी त्याला ही कार्डं आणून दिली होती आणि ती पाहून त्याने रडणं थांबवलं होतं. आभाळ्यांच्या आयुष्यात त्यांचा चाहता म्हणून भेटलेला हा पहिला माणूस. मोठ्या माणसांचे चाहते त्यांना हार घालतात. या चाहत्याने अल्बमचं एक पान उलटलं आणि 'पूल आणि नदीकाठ' समोर ठेवलं. मागच्या बाजूला साल छापलेलं होतं, पूरभिंतीच्या दोन वर्षं आधीचं. खाली छापखान्याची ओळ: प्रत्यक्ष जागेवर बसून काढलेले चित्र.

"तुमच्या गल्लीचा त्या काळातला दुसरा पुरावाच नाही," अधिकारी हळहळत म्हणाला. "आणि यात तर गल्ली नाही."

"साहेब, ते झाड खोटं आहे."

"असं कसं म्हणता? पानन् पान दिसतंय."

आभाळ्यांना क्षणभर बरं वाटलं. एकेचाळीस वर्षांत त्यांच्या झाडाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. पुढच्याच क्षणी त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी मग मालकांची, भिंगाची आणि लक्तरांची सगळी हकीगत सांगितली. अधिकाऱ्याने ती मान हलवत ऐकली आणि म्हणाला, की माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण फाइलीत विश्वास लावता येत नाही. तेव्हा आभाळ्यांना एकदम आठवलं, आणि ते इतक्या जोरात उठले की खुर्ची पडली.

मूळ चित्र छापखान्यात होतं. मालकांनी ते काच लावून आपल्या डोक्यामागे टांगलं होतं आणि मुलाने आळसाने तिथेच राहू दिलं होतं. आभाळ्यांचे रंग पाण्यात कालवायचे, जाड, दुधासारखे अपारदर्शक. वाळल्यावर दगडासारखे दिसतात, पण ओला कापूस फिरवला की वरचा थर सुटतो. झाड हा वरचा थर. घरं खाली. झाड पुसलं तर खालची घरं थोडीफार विस्कटतील, पण त्याआधी काढलेल्या पेन्सिलच्या रेघा पाण्याने हलत नाहीत. सहा दारं, सहा खिडक्या, चादरी, सगळं त्या झाडाखाली तसंच बसलं असणार.

अधिकारीही हरखला. म्हणाला, चित्र इथे माझ्यासमोर आणा, माझ्यासमोर पुसा, मी तसा पंचनामा करतो.

त्या आठवड्यात गल्लीत जान आली. शिंप्याने आभाळ्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला नवी बटणं लावून दिली आणि सांगितलं, पुसताना माझ्या खिडकीला जपा, तिला आधीच एक काच नाही. पाचव्या घरातल्या म्हाताऱ्याला काळजी पडली, की त्या वर्षी त्याचं दार मोडलेलं होतं, तेही दिसेल का? ताईंनी कापूस स्वतः पिंजून दिला. त्या म्हणाल्या, "माझ्या चादरी मोजून ये रे. तू मोजून काढल्या होत्यास ना?"

पुढच्या सुनावणीच्या दिवशी मालकांच्या मुलाने चित्र आणून दिलं. अधिकाऱ्याने टेबल मोकळं केलं, कारकुनाला लिहायला बसवलं. आभाळ्यांनी चित्र काचेतून बाहेर काढलं, कापूस बुडवला, पिळला, आणि झाडाच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली. घाई केली नाही. गोल फिरवायचा, उचलायचा, नवा बोळा घ्यायचा. हिरव्या पाण्याचे बोळे बशीत साठायला लागले. पानं गेली. पानांखालचा गडद हिरवा गेला. त्याखाली मातकट दार यायला हवं होतं, किंवा चादरीचा पांढरा.

त्याखाली कागद आला. स्वच्छ, आणि त्यावर पेन्सिलची रेघ. आभाळ्यांना ती दाराची वाटली. त्यांनी बोळा बदलून ती पुढे उघडत नेली. रेघ वर गेली, वाकली, तिला फाटा फुटला. दुसरा फुटला. ते बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काळजीने आखलेलं एक झाड होतं. त्याच्याखाली दुसरं काहीच नव्हतं. ना घर, ना तार. पहिल्या दिवसापासून तिथे झाडच होतं.

कारकून लिहायचा थांबला. अधिकाऱ्याने आपला रुमाल पुढे केला, कारण आभाळ्यांच्या मनगटावरून हिरवं पाणी बाहीत चाललं होतं.

आभाळे टेबलाला धरून उभे राहिले आणि त्यांनी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. मालकांचं भिंग आठवलं. लक्तरं हा शब्दही त्यांच्याच आवाजात आठवला. पण तो दुसऱ्या कुठल्या तरी चित्राबद्दलचा असावा, बाजाराच्या किंवा धक्क्याच्या. या चित्राबद्दल मालक काहीच बोलले नव्हते. त्यांना बोलावं लागलंच नव्हतं. ताईंना वाईट वाटू नये म्हणून तेव्हा सांगितलेली गोष्ट सांगून सांगून खुद्द आभाळ्यांनाच खरी वाटायला लागली होती. चित्र काढलं तोवर आभाळ्यांचा हात इतका तयार झाला होता, की समोरच्या काठावर बसून त्यांनी नदी आखली, पूल आखला, डावीकडे पाहिलं, आपलं घर पाहिलं, चादरी झटकत असलेली बहीण पाहिली, आणि झाड आखलं.

घरी येताना ते आधी शिंप्याच्या दारात थांबले. शिंपी मशिनवर होता. आभाळ्यांनी घडलं तसं सांगितलं, एक शब्द न वगळता. शिंप्याने पाय थांबवला नाही. शिवण संपली, दोरा दातांनी तोडला, आणि तो म्हणाला, "बरं झालं आम्ही कुणी तुम्हाला आमचा चेहरा काढायला सांगितला नाही." त्यानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही. गल्लीतही कुणी बोललं नाही. त्यांना शिव्या देणं सोपं होतं, पण तेवढंही कुणी केलं नाही.

ताई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी बाही पाहिली आणि किती चादरी होत्या ते विचारलं नाही.

"मालकांनी सांगितलं नव्हतं, ताई," आभाळे म्हणाले. "मीच."

ताई बराच वेळ ओट्याची कड हाताने पुसत राहिल्या. कड स्वच्छच होती.

"माझी लाज वाटली का रे?"

"नाही गं. सवय होती. हात आपोआप गेला."

"त्यापेक्षा लाज परवडली असती," ताई म्हणाल्या. "लाज वाटायला आधी बघावं तरी लागतं."

मग त्या उठल्या आणि डबे रिकामे करायला लागल्या.

निकाल आला तो सगळ्यांना ठाऊक होता तसाच आला. अधिकाऱ्याने आठ दिवस जास्त दिले. त्याच्या हातात तेवढंच होतं. मालकांच्या मुलाने आभाळ्यांना गोदामावरची खोली देऊ केली, एका माणसापुरती, खोक्यांच्या वासाची. ताई मुलीकडे जाणार होत्या. पंधरा तासांचा प्रवास, आणि ताईंच्या गुडघ्यांकडे पाहता तो एकदाच होणार होता.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी ताईंनी एक खुर्ची उचलून गल्लीच्या समोर, पूरभिंतीला लावून ठेवली आणि आभाळ्यांना म्हणाल्या, "धाकट्या, कागद घेऊन ये." एकाहत्तर वर्षांचा धाकटा कागद घेऊन आला. ताई त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसल्या.

आभाळ्यांनी सवयीने वाडग्यात निळा कालवला. ताई म्हणाल्या, "आभाळ राहू दे. खालून सुरू कर."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. दाराची चौकट खालून कुजली आहे, ती कुजकी काढ. उंबऱ्याला खड्डा पडलाय, बादल्या ठेवून ठेवून. खिडकीखाली पोपडा आलाय, तसा नाही, गोल नाही, कुत्र्याच्या तोंडासारखा आहे, नीट बघ. आभाळे बघायचे आणि काढायचे. दोनदा त्यांचा हात भिंत गुळगुळीत करून गेला आणि दोनदा ताईंनी त्याच्यावर चापट मारली. शिंप्याच्या खिडकीला पुठ्ठा लावलाय तोही चित्रात घ्यायला लावला. शिंपी आतून बघत होता. त्याने खिडकी लावून घेतली, तेव्हा ताईंनी ती बंद खिडकीच चित्रात घ्यायला लावली. गटार काढायला लावलं. गटारात काय पडलंय तेही. आभाळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच गटार काढलं, आणि ते त्यांना अजिबात जमलं नाही. ते ओढ्यासारखं रमणीय दिसायला लागलं. ताई म्हणाल्या, असू दे, वास आपण लक्षात ठेवू.

दुपार झाली. चित्राचा वरचा भाग रिकामा होता. आभाळ्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि बहिणीकडे न बघता विचारलं, "चादरी घालू का गं? चाळीस."

"आज तारेवर काही आहे का?"

आभाळ्यांनी वर पाहिलं. तारेवर काही नव्हतं.

"मग नको," ताई म्हणाल्या.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि बारीक ब्रशाने तार काढली. रेघ सरळ आली नाही, मध्ये थोडी लोंबली. खरी तारही मध्ये लोंबलेली होती. ताईंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दहाला टेंपो आला. सामान फार नव्हतं. एक ट्रंक, गाठोडं, डब्यांची पिशवी. ताईंना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. चित्र त्यांनी मांडीवर घेतलं. गटाराचा कोपरा अजून ओला होता, रात्रभर वाळला नव्हता. दमट हवेत जाड रंग तसा वाळतच नाही. आभाळे दाराशी उभे राहून सांगत राहिले, की कडेने धर, बोट लागू देऊ नकोस, वर काही ठेवू नकोस. ताई म्हणाल्या, "हो रे, कळलं." ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

टेंपो पुलावर चढून वळला. आभाळ्यांनी खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हिला उन्हाची खिडकी मिळाली आहे, आणि पंधरा तास कागद मांडीवर धरून तिचे हात अवघडणार आहेत.